ज्ञानाचे यजमान : मौलाना अबुल कलाम आझाद

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आपण राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा करतो. त्या दिवशी शाळेत एक तसबीर मांडली जाते. डोक्यावर उंच टोपी, गळ्यापर्यंत बंद केलेली शेरवानी, पांढरी दाढी आणि शांत, गंभीर डोळे. ही तसबीर कोणाची, हे तुम्हांला सांगायला नकोच. ते आहेत स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद. त्यांचा जन्मदिवस २००८ सालापासून आपला देश शिक्षण दिन म्हणून पाळतो.

मौलानांविषयी तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचले असेल. ते थोर पत्रकार होते, धर्मपंडित होते, स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी नेते होते. पण त्यांच्या एका कामाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परदेशांतील मुलांनी भारतात यावे, आपल्या विद्यापीठांत शिकावे आणि त्यासाठी भारत सरकारने त्यांना हात द्यावा, अशी व्यवस्था त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात उभी राहिली. तो काळ मोठा कठीण होता. आपल्याच मुलांना पुरेशा शाळा नव्हत्या. अशा वेळी दुसऱ्यांच्या मुलांवर पैसा खर्च करायचा का? तुम्हीच सांगा, हा प्रश्न सोपा आहे का? मौलानांनी त्यातून कोणता मार्ग काढला, ते आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी त्यांच्या बालपणापासून सुरुवात करू या.

मौलाना आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शहरात झाला. त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन हे हिंदुस्थानातून अरबस्तानात जाऊन राहिलेले विद्वान होते. आई अरब घराण्यातली होती. घरात अरबी बोलली जाई. आझाद अगदी लहान असताना हे कुटुंब कोलकात्याला आले. म्हणजे पाहा, ज्या शहरात ते वाढले, त्या शहरात तेही बाहेरून आलेले एक मूल होते. नव्या गावात, नव्या भाषेत रमणे म्हणजे काय असते, हे त्यांच्या घराने अनुभवले होते.

वडिलांचा इंग्रजी पद्धतीच्या शाळांवर विश्वास नव्हता. त्यांनी मुलाला घरीच शिकवले. मग एकेका विषयासाठी एकेक उस्ताद ठेवले. फारसी, अरबी, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, भूमिती, बीजगणित असे विषय आझाद शिकले. इतरांना जो अभ्यासक्रम पुरा करायला विशी-पंचविशी गाठावी लागे, तो त्यांनी सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपवला. त्या काळी शिक्षण पुरे झालेल्या विद्यार्थ्याने काही दिवस दुसऱ्यांना शिकवावे, अशी पद्धत होती. वडिलांनी पंधराएक विद्यार्थी जमवले आणि हा कोवळा मुलगा त्यांना तत्त्वज्ञान आणि गणित शिकवू लागला.

पुढे सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या हाती आले. आधुनिक विज्ञान आणि पाश्चात्त्य साहित्य वाचल्याशिवाय आजच्या काळात माणूस खऱ्या अर्थाने शिकलेला होत नाही, असे त्यांना वाटू लागले. मग त्यांनी इंग्रजी शिकायला घेतले. शब्दकोश जवळ ठेवायचा, बायबलचे फारसी, उर्दू आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी मांडायचे आणि ओळीला ओळ लावून वाचायचे, अशी त्यांची रीत होती. त्यानंतर ते इंग्रजी वर्तमानपत्रे वाचू लागले.

१९०३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी 'लिसान-उस-सिद्क' नावाचे उर्दू मासिक सुरू केले. त्यातले लेख इतके प्रौढ असत की संपादक कोणी वयस्कर गृहस्थ असावेत, असे वाचकांना वाटे. त्याच सुमारास मुंबईत थोर विद्वान शिबली नोमानी यांची आणि त्यांची भेट झाली. बराच वेळ बोलणे झाल्यावर शिबलींनी त्यांना अबुल कलाम हे आपले वडील का, असे विचारले म्हणतात. समोरचा पोरगेला मुलगाच अबुल कलाम आहे, हे कळल्यावर ते थक्क झाले.

१९०८ साली आझाद प्रवासाला निघाले. इराक, सीरिया, इजिप्त आणि तुर्कस्तान हे देश त्यांनी पाहिले. इजिप्तच्या कैरो शहरात 'अल-अझहर' हे हजार वर्षांचे जुने विद्यापीठ आहे. तेथे मोरोक्कोपासून हिंदुस्थानापर्यंतचे विद्यार्थी शतकानुशतके येत आले. एकेका देशाच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वेगळे दालन असे. वक्फच्या उत्पन्नातून त्यांना रोजची भाकरी मिळे. आझादांनी हे विद्यापीठ पाहिले. परंतु तेथील शिकवण्याची पद्धत त्यांना पटली नाही. ती बुद्धीला चालना देत नाही, असे त्यांचे मत झाले.

येथे एक गंमत सांगायला हवी. आझाद अल-अझहरमध्ये शिकले, असे पुष्कळ पुस्तकांत छापले गेले. ते खरे नाही. आपण तेथे एक दिवसही विद्यार्थी नव्हतो, हे मौलानांनी स्वतःच पुढे आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट केले. एवढा विद्वान माणूस कोणत्या तरी मोठ्या विद्यापीठात गेलाच असेल, असे लोकांनी धरून चालले होते. खरे तर त्यांच्याजवळ कोणत्याच विद्यापीठाची पदवी नव्हती. ज्यांनी पुढे देशाच्या विद्यापीठांची घडी बसवली, ते स्वतः घरी शिकलेले होते. मात्र दूरच्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना ओसरी आणि भाकरी देणारे विद्यापीठ कसे असते, हे त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिले होते.

प्रवासाहून परतल्यावर आझादांनी स्वातंत्र्याच्या कामाला वाहून घेतले. १९१२ साली त्यांनी कोलकात्याहून 'अल-हिलाल' हे साप्ताहिक काढले. त्याची भाषा तेजस्वी होती. हिंदू आणि मुसलमान यांनी एकत्र येऊन इंग्रजांच्या राज्याला विरोध करावा, असे ते सांगे. सरकारने आधी जामीन मागितला, मग तो जप्त केला. साप्ताहिक बंद पडले. आझादांनी 'अल-बलाग' हे नवे पत्र काढले. शेवटी १९१६ साली सरकारने त्यांना बंगालबाहेर काढले आणि रांचीला नजरकैदेत ठेवले. तेथे ते १९१९ च्या अखेरपर्यंत होते. दुसरा कोणी निराश होऊन बसला असता. आझादांनी रांचीत काय केले असेल? त्यांनी तेथे मुलांसाठी एक मदरसा सुरू केला!

सुटकेनंतर त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि ते असहकाराच्या चळवळीत उतरले. १९२० मध्ये 'जामिया मिल्लिया इस्लामिया' ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. इतक्या लहान वयात त्या जागेवर बसण्याचा मान तोवर कोणाला मिळाला नव्हता. पुढे १९४० ते १९४६ अशी सलग सहा वर्षे काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

मौलानांच्या आयुष्यातला एक अवघड काळ आपल्या महाराष्ट्रात गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' चा ठराव मुंबईत मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व मोठ्या नेत्यांना अटक झाली. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव आदी नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्या शहराचे नाव आज अहिल्यानगर आहे. या किल्ल्यात नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तर मौलानांनी पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, एका मित्राच्या नावे पत्रे लिहिली. ती टपालात टाकण्याची परवानगी नव्हती. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. तुम्ही ज्या भाषेतून शिकता, त्या भाषेचे ते एक भूषण आहे. चहाच्या चवीपासून खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांपर्यंत कितीतरी गोष्टी त्यात आहेत.

पण याच किल्ल्यात त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. एप्रिल १९४३ मध्ये कोलकात्याला त्यांची पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. त्या आजारी आहेत, हे त्यांना तुरुंगात कळले होते. परंतु ज्या सरकारशी लढा चालू आहे, त्याच्याकडे सुटकेची याचना करायची नाही, असे त्यांनी ठरवले. पतिपत्नींची शेवटची भेट झाली नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. मौलाना आझाद शिक्षणमंत्री झाले. मित्रांनो, त्या वेळी देशाची स्थिती कशी होती, याची कल्पना करा. फाळणी झालेली होती. लाखो निर्वासित छावण्यांत राहत होते. देशाची तिजोरी रिकामी होती. १९५१ च्या जनगणनेत असे दिसले की शंभरांतील साधारण अठराच माणसांना लिहिता-वाचता येते. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, असे राज्यघटनेत लिहिले गेले. त्यासाठी दहा वर्षांची मुदत धरली होती. गावोगावी शाळा काढायच्या, शिक्षक तयार करायचे, प्रौढांना अक्षरे शिकवायची, असा कामाचा डोंगर समोर उभा होता.

अशा वेळी मौलानांच्या खात्याने आणखी एक काम हाती घेतले. आशिया आणि आफ्रिका खंडांतील विद्यार्थ्यांना भारतातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकण्यासाठी भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात झाली. मग ९ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत 'भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद' स्थापन झाली. मौलाना आझाद हे तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. भारत आणि इतर देश यांच्यात विद्या, कला आणि संस्कृती यांची देवाणघेवाण व्हावी, हा तिचा उद्देश. परिषदेने अरबी भाषेत 'सकाफतुल हिंद' हे नियतकालिकही सुरू केले. अरब देशांतील वाचकांना भारताची ओळख त्यांच्याच भाषेत व्हावी, ही त्यामागची दृष्टी. ज्याची मातृभाषाच अरबी होती, त्याला हे महत्त्व कोणी सांगायला हवे होते का?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. आपल्या मुलांना शाळा पुरत नसताना परदेशी मुलांसाठी खर्च का करायचा? घरात भाकऱ्या मोजक्याच असताना पाहुण्याला का बोलवायचे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर इतिहासात आहे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग आपल्या देशात आला आणि नालंदा विद्यापीठात काही वर्षे शिकला. राजाने शंभर गावांचा महसूल या विद्यापीठाला तोडून दिला होता, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांना अन्न, वस्त्र, अंथरूण आणि औषध यांची काळजी करावी लागत नसे. मित्रांनो, राज्याच्या तिजोरीतून परदेशी विद्यार्थ्याला मदत करण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. आठव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारात भारतीय ज्योतिषशास्त्राचा ग्रंथ अरबीत उतरवला गेला. भारतीय अंक अरबांकडे गेले आणि त्यांच्याकडून युरोपात पोहोचले. विद्या अशी देशोदेशी फिरते, म्हणूनच ती वाढते. ती कोंडून ठेवणारा देश स्वतःच मागे पडतो.

दुसरे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे. आशिया-आफ्रिकेतील अनेक देश तेव्हा गुलामीत होते किंवा नुकतेच स्वतंत्र झाले होते. तेथे विद्यापीठे फार थोडी होती. काही देशांत तर एकही नव्हते. वकील, डॉक्टर, इंजिनिअर व्हायचे तर तेथील मुलांना ज्यांनी त्यांच्यावर राज्य केले, त्यांच्याच देशात जावे लागे. तो खर्च किती जणांना झेपणार? भारत त्यांच्या आधी स्वतंत्र झाला होता. गुलामीचे दुःख त्याने भोगले होते. अशा शेजाऱ्यांसाठी आपले दार थोडे उघडणे, हे भारताने आपले कर्तव्य मानले.

तिसरे उत्तर व्यवहाराचे आहे. आपणही दुसऱ्यांकडून घेतच होतो. फेब्रुवारी १९५० मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आपले विद्यार्थी व प्राध्यापक अमेरिकेत जाऊ लागले. कोलंबो योजनेखाली आपल्या तरुणांना इतर देशांत प्रशिक्षण मिळाले, तसेच भारतानेही शेजारी देशांतील तरुणांना आपल्याकडे शिकवले. जो नुसता घेतो तो याचक, आणि जो घेतो तसा देतोही, तो बरोबरीचा मित्र. गरीब असूनही भारत मित्र म्हणून उभा राहिला.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. पाहुण्याला बोलवायचे, तर आधी आपले घर नीट हवे. आपली विद्यापीठे चांगली नसतील, तर दूरदेशीचा विद्यार्थी तेथे कशाला येईल? मौलानांच्या काळात याकडेही लक्ष दिले गेले. १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. १९५१ मध्ये मौलानांच्या हस्ते खरगपूरच्या पहिल्या आय. आय. टी.चे उद्घाटन झाले. त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरांच्या विश्वभारतीला संसदेच्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहून शिकावे, हे टागोरांचे स्वप्न होतेच. डिसेंबर १९५३ मध्ये मौलानांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन केले. विद्यापीठांना सरकारी पैसा कसा आणि किती द्यायचा, त्यांचा दर्जा कसा राखायचा, हे पाहण्याचे काम या आयोगाकडे आले. साहित्य, संगीत आणि ललित कला यांच्या अकादमीही याच वर्षांत उभ्या राहिल्या.

शिष्यवृत्तीचे काम चालते कसे, तेही समजून घेऊ. परदेशी विद्यार्थी आपल्या देशातील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करतो. त्याची निवड झाली आणि आपल्या विद्यापीठाने प्रवेश दिला की त्याची फी भारत सरकार भरते. शिवाय राहण्याजेवण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. पण पैशाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. विद्यार्थी येथे उतरतो, तेव्हा त्याला आपली भाषा येत नाही. जेवण तिखट लागते. सणाच्या दिवशी वसतिगृह रिकामे होते आणि तो एकटाच खोलीत बसून राहतो. कधी त्याच्या रंगावरून कोणी त्याला हिणवतो, कधी कोणी खोली भाड्याने द्यायला नकार देतो. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांची विचारपूस करणे, त्यांच्या सहली आणि मेळावे भरवणे, अडचणीत त्यांना मदत करणे, हेही परिषदेने आपले काम मानले. तिची कार्यालये अनेक शहरांत आहेत. आपल्या मुंबईत आणि पुण्यातही आहेत.

१९५६ साली युनेस्को या जागतिक संघटनेची परिषद नवी दिल्लीत भरली. मौलाना आझाद तिचे अध्यक्ष होते. ज्या मुलाने शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, तो आता जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांच्या सभेत अध्यक्षाच्या जागी बसला होता.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलानांचे दिल्लीत निधन झाले. अखेरपर्यंत ते शिक्षणमंत्री होते. लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्या मधल्या मैदानात त्यांची कबर आहे. आपल्यामागे त्यांनी संपत्ती ठेवली नाही. ठेवली ती पुस्तके. त्यांचा दुर्मीळ ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा संग्रह सांस्कृतिक संबंध परिषदेच्या ग्रंथालयात आहे. परिषदेच्या दिल्लीतील इमारतीला 'आझाद भवन' असे नाव दिले आहे. १९९२ साली त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' हा किताब देण्यात आला.

मौलानांच्या काळातील सगळीच कामे पुरी झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. दहा वर्षांत सर्व मुलांना शाळेत आणण्याचे उद्दिष्ट ठरलेल्या मुदतीत साधले नाही. ते काम पुढच्या पिढ्यांना करावे लागले. म्हणूनच परदेशी विद्यार्थ्यांवरील खर्चाविषयी शंका घेणारे लोक तेव्हा चुकीचे प्रश्न विचारत होते, असे आपण म्हणू नये. प्रश्न रास्त होता. देशाने दोन्ही कामे बरोबर चालवली, एवढे खरे.

लावलेले रोप मात्र वाढले. नेपाळ, अफगाणिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि आफ्रिकेतील अनेक देशांतून विद्यार्थी येत राहिले. काही शिष्यवृत्तीवर आले, काही स्वतःच्या खर्चाने. अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई शिमल्याला शिकले. मलावीचे अध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीत शिकले. नेपाळचे पंतप्रधान झालेले बाबुराम भट्टराई यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. महाराष्ट्रात पुणे शहराने अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना आश्रय दिला. परदेशी विद्यार्थ्यांना घरासारखे वाटावे, या हेतूने डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली तेथे 'सिंबायोसिस' ही संस्था काढली. जे काम सरकारने सुरू केले, त्याला समाजानेही असा हातभार लावला.

२०१८ साली केंद्र सरकारने 'स्टडी इन इंडिया' ही योजना सुरू केली. परदेशी विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांची माहिती एका ठिकाणी मिळावी आणि काहींना फीमध्ये सवलत मिळावी, असा तिचा हेतू आहे. सरकारी पाहणीनुसार २०२१-२२ या वर्षात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी भारतात शिकत होते. त्यांत सर्वांत जास्त नेपाळचे होते. बाहेरच्या मुलांमुळे आपल्या मुलांच्या जागा जातील का, ही शंका आजही घेतली जाते. त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एक उपाय सुचवला. मंजूर जागांना हात न लावता, त्यांच्याखेरीज पंचवीस टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील, असे त्याने ठरवले. म्हणजे घरच्यांच्या ताटातले काढायचे नाही, पाहुण्यासाठी वेगळे पान मांडायचे.

मित्रांनो, ११ नोव्हेंबर हा दिवस सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यार्थ्यांचा दिवस म्हणूनही साजरा करते. मक्केत जन्मलेल्या आणि कोलकात्यात वाढलेल्या मौलानांच्या जन्मदिनी देशोदेशींची मुले एकत्र येतात, हे किती योग्य आहे! उद्या तुम्ही महाविद्यालयात जाल. तुमच्या वर्गात कदाचित दूर देशातला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्याला तुमची भाषा येणार नाही. त्याची फी सरकार भरेल, त्याच्या खोलीची सोय विद्यापीठ करील. पण ईदला किंवा दिवाळीला त्याला आपल्या घरी जेवायला बोलावणे, हे काम कोणत्याही सरकारी खात्याचे नाही. ते तुम्हांलाच करावे लागेल. तेवढे तुम्ही केलेत, तर मौलानांनी सुरू केलेले काम पुढे गेले, असे समजा.

शब्दार्थ

तसबीर – चित्र, छायाचित्र
अग्रणी – पुढे असणारा, प्रमुख
नजरकैद – ठरावीक जागेबाहेर जाण्यास बंदी असलेली कैद
याचना – विनवणी, मागणे
निर्वासित – आपले घरदार सोडावे लागलेले लोक
महसूल – सरकारला मिळणारे जमिनीचे उत्पन्न
वकिलात – दुसऱ्या देशातील आपल्या सरकारचे कार्यालय
यजमान – पाहुण्यांचा आदरसत्कार करणारा घरधनी
रास्त – योग्य, बरोबर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मौलाना आझादांचा जन्म कोठे झाला?
(आ) रांचीच्या नजरकैदेत असताना मौलानांनी काय सुरू केले?
(इ) भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद केव्हा स्थापन झाली?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मौलाना आझाद इंग्रजी कसे शिकले?
(आ) परदेशी विद्यार्थ्याला पैशाखेरीज कोणत्या अडचणी येतात?
(इ) परदेशी विद्यार्थ्यांवर खर्च करण्याची कोणती तीन कारणे या पाठात सांगितली आहेत?

३. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) मौलाना आझाद अल-अझहर विद्यापीठाचे विद्यार्थी होते.
(आ) मौलाना आझाद अखेरपर्यंत शिक्षणमंत्री होते.

४. वर्गात चर्चा करा.
घरात थोडेच असताना पाहुण्याला त्यातले द्यावे का? तुमचे मत कारणांसह मराठीत सांगा.